कुलपातला आवाज

ताईचा आवाज असा होता, की तिनं खिडकीतून भावाला जेवायला हाक मारली की समोरच्या तीन इमारती ताटावर बसायच्या. खोटं वाटत असेल तर मला विचारा. मी तिसऱ्या इमारतीत राहायचो, आणि तिच्यापायी कितीदा तरी भूक नसताना जेवलोय.

तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज कायमचा जाणार हे कळलं, तेव्हा भावानं, म्हणजे आमच्या प्रोग्रामरनं, तिला मनसोक्त बोलायला लावून आवाज टिपून घेतला. पुढे तिनं टाइप करायचं आणि कॉम्प्युटरनं तिच्या आवाजात ओरडायचं, असा प्रोग्राम लिहिला. लिहिला आणि जगाला फुकट वाटायचं ठरवलं.

वाटण्याच्या अटींवरून आम्हा मित्रांत जुंपली. वाद इतका लांबला, की खोलीतल्या लाकडी खुर्चीला पालवी फुटली. आमच्यातल्या वकिलीणबाईंचा हट्ट एकाच कलमाचा: यंत्रात हा प्रोग्राम घालून त्याला कुलूप लावाल, म्हणजे दुसऱ्याला तो बदलता येऊ नये असं कराल, तर किल्लीही द्या.

"मग कुठलीच कंपनी घेणार नाही, बाई," प्रोग्रामर म्हणाला. "ताईनं काय जन्मभर कॉम्प्युटर काखेत मारून भाजी आणायची?"

"आणि कुलूप लावलंच तर?"

"प्रोग्राम माझा आहे. मला कोण अडवतंय?"

कलम गळलं. एका कंपनीनं खिशात मावणारी पेटी काढली, तिच्यात ताईचा आवाज भरला. ताई भाजीवाल्याशी पुन्हा भांडू लागली. भाजीवालाही खूश.

मग त्या कंपनीला दुसरीनं गिळलं. एका सकाळी ताईनं काहीही टाइप केलं तरी पेटी एकच वाक्य बोलायला लागली, तेही ताईच्याच खणखणीत आवाजात: "या उपकरणाची सेवा बंद झाली आहे."

घरच्या कॉम्प्युटरची डिस्क त्याआधीच मेली होती. हे आमच्याच माणसाला जमावं: प्रोग्रामच्या प्रती जगभर, बहिणीचा आवाज मात्र त्या डिस्कवर आणि या पेटीत. त्यानं पेटीत स्वतःचाच प्रोग्राम घालून पाहिला. कंपनीचा शिक्का नाही म्हणून पेटीनं तो थुंकून टाकला. फोडली तर आतलं सगळं पुसलं जाणार. कुलपाच्या युक्तीचं पेटंट कंपनीकडे, त्यामुळे उघडायचं साधन दुसरं कुणी बनवेना.

शेवटी त्यानं कंपनीला फोन लावला. आम्ही सगळे ऐकत होतो.

"जुनं मॉडेल बंद झालंय, सर. नवी पेटी मोफत देऊ."

"आणि आवाज?"

"सोपं आहे. ताईंना घेऊन या, अर्धा तास बोलायला लावा."

ताईनं पाटीवर लिहिलं, 'त्याला म्हणावं, येते.'

परवा गेलो, तर हा पेटी घेऊन बसलेला. बटण दाबायचा, ते वाक्य ऐकायचा, पुन्हा दाबायचा.

"अरे, बॅटरी संपेल."

"संपेलच. चार्जरही त्यांच्याच शिक्क्याचा लागतो, तोही बंद पडलाय," तो म्हणाला आणि पुन्हा दाबलं.

मागे दारात ताई उभी होती. वाटीवर चमचा वाजवून त्याला जेवायला बोलावत होती, केव्हाची. त्याला ऐकू गेलं नाही.