पहिल्या दिवशी रडायचं नाही

तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, पहाटे थोआने देवघरासमोर ताट मांडलं. उकडलेली कोंबडी, लोणच्याचे कांदे, पानात बांधून उकडलेले चिकट तांदळाचे बान्ह चुंग. पूर्वजांच्या रांगेत यंदा तिच्या नवऱ्याचा, विन्हचा फोटो होता. दहाव्या महिन्यात तो शहरात बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. घरात सुतक, म्हणून दाराशी सणाची फुललेली फांदी नव्हती, आणि पाहुणाही कुणी येणार नव्हता.

"तुझे बान्ह चुंग म्हणजे विटाच," सासू म्हणाली. "तो बिचारा मुकाट खायचा."

"तुम्ही दोन खाल्लेत, आई."

"मग टाकून देऊ?"

म्हातारी पेटवलेल्या उदबत्त्या खोचायला उठली आणि तशीच बसली, जमिनीवर. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. उदबत्त्या मांडीवर जळत राहिल्या, तरी तिला कळलं नाही.

थोआने त्या विझवल्या, तिला कुशीवर निजवलं. आरोग्य केंद्राचा फोन नुसता वाजत राहिला. लुळं पडलेलं माणूस मोटरसायकलवर कसं न्यायचं? वाडीत चारचाकी एकच, शेजारच्या खिएमची. थोआ धावली.

खिएमच्या फाटकाशी मात्र तिचे पाय थांबले. डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी तशीच होती. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल ज्याचं पडेल, तसं त्या घराचं वर्ष जातं, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. पट्टी सोडून तिने मुठीत धरली आणि बाहेरूनच हाक मारली.

खिएमची बायको लुऊ ओसरीवर आली. "आत नको येऊस गं थोआ. फान मास्तर यायचेत अजून."

"वहिनी, आई पडल्या. तोंड वाकडं झालंय. भाऊंना गाडी काढायला सांगा."

खिएम नवा सदरा घालून मागे उभा होता. त्यालाही ऐकू गेलं होतं. त्याने गाडीकडे पाहिलं. कालच धुतलेली, आरशाला लाल फीत बांधलेली.

"मास्तर निघालेत घरून," तो म्हणाला. "त्यांचं पाऊल पडू दे, लगेच येतो. दहा मिनिटं. तू जा, आईंपाशी बस."

थोआ माघारी गेली. सासूच्या घशातून घरघर येत होती. थोआने तिचं तोंड पुसलं, हात चोळले, पुन्हा फाटकापाशी आली. मास्तर वाटेत अजून कुणाला शुभेच्छा देत उभे होते. ती परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मास्तर आत बसून चहा पीत होते आणि लुऊ आल्याच्या वड्या पुढे करत होती. फाटक उघडंच होतं. आत चार पावलं टाकायची होती. थोआने ती टाकली नाहीत.

गाडी आली तेव्हा पाऊण तास झाला होता. खिएमने म्हातारीच्या नाकाशी हात धरला आणि काढून घेतला. बराच वेळ तो तिथेच उकिडवा बसला.

"आज कुणाला सांगू नकोस," शेवटी म्हणाला. "पहिला दिवस आहे. उद्या सकाळी मी येतो, सगळं मी बघतो."

तेतच्या पहिल्या दिवशी गावात मयतावर रडत नाहीत. थोआने दार लावून घेतलं, सासूला धुतलं, केस विंचरले, पांघरूण घातलं. दिवसभर बाहेर मुलं हुंदडत होती, कुणीतरी माइकवर बेसूर गात होतं. दुपारी भूक लागली, तेव्हा तिने एक बान्ह चुंग सोडला आणि प्रेताशेजारी बसून खाल्ला. खरंच घट्ट झाला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खिएम पेटी घेऊन आला. खड्डाही त्यानेच खणला. सगळ्यांत मोठ्याने रडली ती लुऊ. स्मशानातून परतताना तिने थोआचा हात धरला.

"आत का नाही शिरलीस गं? ओढून न्यायचं होतंस त्याला."

"तुम्ही नको म्हणालात, वहिनी."

लुऊने हात सोडला.

सासूचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी करून थोआ दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात लागली. तेतच्या सुटीत बायका गाठोडी बांधून गावी निघायच्या, तेव्हा ती पहाऱ्याच्या कामाला स्वतःहून नाव द्यायची. गावाकडे कुणी नाही का, असं विचारलं, तर शेजारी चांगले आहेत, एवढंच सांगायची.