हिरामणची दहावी गोष्ट

गुणाजी मास्तरांनी ‘हाय’ खोडून समासात ‘आहे’ लिहिलं. पेन्सिलीला नवं टोक काढलं आणि खालच्या ओळीतला ‘न्हाय’ही खोडला.

मुंबईच्या छापखान्यातून काल आलेली प्रुफं होती ती. पुस्तक हिरामणचं. त्याचा बाप आणि आजा उरणच्या मिठागरात राबले. तो स्वतः मिठाच्या नाक्यावर कारकून होता. मास्तर शाळेत शिकवत आणि रविवारी दुपारी वाचनालयात चार-पाच तरुणांना गोष्ट कशी लिहावी ते सांगत. हिरामण तिथे सगळ्यांत मागे बसायचा. पहिल्या वर्षी त्याला एक परिच्छेद सरळ लिहिता येत नव्हता. आता, सहा वर्षांनी, त्याचा दहा गोष्टींचा संग्रह निघत होता. वीस वर्षांत मास्तरांच्या चार गोष्टी मासिकांतून आल्या होत्या. त्यांच्या संग्रहाचं बाड दोन प्रकाशकांकडे जाऊन परत आलं होतं, हे फक्त मनुबाईंना ठाऊक होतं.

मनुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मघापासून त्या नवऱ्याची पेन्सिल चालताना पाहत होत्या.

“एवढ्या चुका केल्यात त्यानं?”

“भाषा शुद्ध नको?”

“मिठागरातली बाई अशी शाळेतल्यासारखी बोलेल होय?”

मास्तरांनी पान उलटलं. तिसऱ्या गोष्टीत पायांच्या भेगांतलं मीठ धुणारी एक बाई होती. ती गोष्ट त्यांनी दोनदा वाचली. मग एक शब्द बदलला. तो बदलायची गरज नव्हती, हे त्यांना बदलतानाच कळलं होतं. पाचव्या गोष्टीत एक अनुस्वार सुटलेला सापडला, तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी क्षणभर पेन्सिल खाली ठेवली. पण पुढच्या पानावर ते पुन्हा अनुस्वारच शोधू लागले.

दहाव्या गोष्टीशी मात्र ते थबकले. पहिल्याच ओळीत मांडव्याचं बंदर होतं, आणि मुंबईच्या इस्पितळात निघालेली एक आजारी आई.

ही गोष्ट त्यांची होती. दहा वर्षांचे असताना त्यांनी आईला मांडव्याहून मचव्यात बसताना पाहिलं होतं. ती परत आली नाही. शीड दिसेनासं होईपर्यंत आपण धक्क्यावर हात हलवत उभे होतो, हे त्यांनी वाचनालयात सांगितलं होतं, आणि ‘ही मी कधीतरी लिहिणार आहे’ असंही म्हटलं होतं.

त्यांची कानशिलं तापली, पण आतून त्यांना जवळजवळ आनंदच झाला. कालपासून ज्या रागाला कारण नव्हतं, त्याला आता कारण मिळालं होतं. सगळं पान खोडायचं म्हणून त्यांनी डाव्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली. रेघ ओढण्याआधी शेवट तरी पाहावा म्हणून ते पुढे वाचत गेले.

गोष्टीतला मुलगा हात हलवत नव्हता. धाकट्या बहिणीला बरोबर नेलं आणि आपल्याला नाही, म्हणून तो रुसला होता. आई त्याला नावानं हाका मारत होती आणि तो मिठाच्या पोत्यांमागे लपून ते ऐकत होता.

मास्तरांनी रेघ न ओढता पेन्सिल कोपऱ्यावरून उचलली.

उन्हं कलल्यावर हिरामण आला. ओटीवर न बसता दाराशीच उभा राहिला.

“शेवटली वाचलीत, मास्तर? तीच विचारायची होती. तुम्ही न्हाय म्हणालात तर काढून टाकतो. अजून छापली न्हाय.”

“मुलगा लपला, हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी न्हाय.”

“मग?”

हिरामण अवघडला. “तुम्ही सांगत होता ना, तेव्हा हात हलवल्याचं तीनदा सांगितलंत. ते मला कुठंतरी खटकलं.”

“मी हात हलवला होता,” मास्तर म्हणाले.

“व्हय, मास्तर. मग काढतो.”

त्यानं पुढे होऊन कागद गोळा केले. पहिल्या पानावरच्या खाडाखोडीकडे त्याची नजर गेली. कागद बगलेत मारून तो वळला.

“थांब,” मास्तर म्हणाले. “पोती मिठाची नव्हती.”

हिरामण थांबला.

“गवताचे भारे होते. मुंबईच्या तबेल्यांना जायचे. मानेला टोचत होतं, पण हललो असतो तर तिला दिसलो असतो.”

चहा घेऊन आलेल्या मनुबाई उंबऱ्यातच थांबल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यांनीही ही गोष्ट धक्क्यावरच्या त्या हातासकट अनेकदा ऐकली होती. त्यांनी कप खाली ठेवले आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या.

मास्तरांनी हात पुढे केला. हिरामणनं कागद परत दिले. शेवटच्या पानावर ‘मिठाची पोती’ खोडून त्यांनी ‘गवताचे भारे’ लिहिलं. मग पहिलं पान वर घेतलं, आणि पहिल्या ‘आहे’वर काट मारून बाजूला ‘हाय’ लिहिलं.

“अनुस्वार मात्र माझे राहू देत,” ते म्हणाले. “ते तुझे चुकतातच.”

“व्हय.”

“तिनं तीन हाका मारल्या. चौथीला सुरुवात केली आणि तेवढ्यात तांडेलानं मचवा सोडला. मला वाटलं, आता ती रागावली असेल. रागावू दे, असंही वाटलं.”

हिरामणनं खिशातून पेन्सिल काढली होती.

“हे लिहून घेऊ नकोस,” मास्तर म्हणाले. “हे माझं आहे.”