वर न केलेला हात

भारतचं नाशिकच्या इंदिरानगरात छोटं गॅरेज होतं आणि निवृत्तीच्या घरची झेंडूची शेती होती. दोघांची गाठ पडली ती एका जुन्या फियाटमुळे. निवृत्तीने ती फुलांच्या पाट्या वाहायला घेतली, भारतने तिचं इंजिन उघडलं, आणि महिन्याभरात दोघांनाही गाडी पळवायचं वेड लागलं. त्या काळी नाशिककडची काही हौशी मंडळी सिन्नरच्या अलीकडे एका पडीक माळावर शर्यती भरवायची. गाड्या रोजच्या वापरातल्याच. काचा काढायच्या, आत पाण्याच्या पाइपांची चौकट वेल्डिंग करून बसवायची, दारावर चुन्याने नंबर टाकायचा, आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. भारतनेही स्वतःसाठी एक फियाट उभी केली. दोघं एकमेकांच्या गाड्या तयार करायचे आणि रविवारी एकमेकांना हरवायला निघायचे.

त्यांच्यात हरसूलचा गोटीराम यायचा. तो गावोगावच्या प्रवाशांची वडाप जीप चालवायचा आणि त्याच जीपने शर्यतीत उतरायचा. मागच्या बाकांखाली कधी कधी बाजारातला कांदा राहिलेला असायचा. शहरातली पोरं त्याला हसायची. भारतही हसायचा.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत आठ फेऱ्यांची शर्यत होती. माळाच्या टोकाला एक टेकाड होतं आणि त्याच्या पलीकडचं वळण लोकांना दिसायचं नाही. तिथे झेंडा घेऊन उभा केलेला माणूस उन्हाला कंटाळून कधीच मांडवात येऊन बसला होता. सातव्या फेरीला तीनच गाड्या उरल्या होत्या, निवृत्ती पुढे, भारत त्याच्या मागोमाग, आणि गोटीराम बराच मागे होता. टेकाडामागच्या वळणावर निवृत्तीची गाडी घसरली, बांधावरून उडाली आणि ओढ्यात उलटी पडली.

भारतने ते पाहिलं. चाकं वर फिरत होती, धूळ होती. त्याचा पाय ब्रेकवर गेलासुद्धा. मग पुढचा रस्ता मोकळा दिसला आणि पाय उचलला गेला.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी त्याने स्वतःला कसंबसं समजावलं असतं, की एका क्षणात कळलं नाही. पण शेवटची फेरी उरली होती. तो परत त्याच वळणावर आला तेव्हा गोटीरामची जीप कडेला उभी होती आणि गोटीराम ओढ्यात गुडघ्यांवर बसून दार ओढत होता. भारतने तेही पाहिलं आणि गाडी तशीच पुढे काढली. मांडवात त्याच्या गळ्यात हार पडला, हातात पितळी कप आला, आणि मग कुणीतरी ओरडत आलं की पलीकडे अपघात झालाय.

सिन्नरच्या दवाखान्यात निवृत्ती शुद्धीवर आला तेव्हा डावा हात कोपरापासून चिरडलेला होता. त्याला काही आठवत नव्हतं. बाजूला त्याची बायको सुवर्णा बसली होती. तिने भारतकडे पाहून विचारलं, की तुम्ही मागेच होतात ना? आणि भारतच्या तोंडून निघून गेलं, की होतो, पण निवृत्तीने हात वर करून पुढे जा म्हणून खूण केली, मला वाटलं बरा आहे. निवृत्ती ऐकत होता. त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

हात पुन्हा नीट वळला नाही. निवृत्तीची शर्यत संपली, आणि वर्षभरात भारतनेही सोडली. कप त्याने गॅरेजच्या पोटमाळ्यावर टाकला. दोस्ती मात्र राहिली, उलट वाढली, आणि तेच भारतला सोसत नव्हतं. कारण निवृत्ती ती गोष्ट सांगायचा. जुने शर्यतवाले वर्षातून एकदा जेवायला जमायचे, तिथे सांगायचा. पाहुण्यांना सांगायचा, फुलबाजारात सांगायचा. "मी ओढ्यात उलटा, आणि ह्याला म्हणतोय, थांबू नको, जा." असं म्हणून तो उजवा हात वर करून दाखवायचा. वर्षांगणिक गोष्टीत भर पडत गेली. गोटीराम त्यात शेवटी यायचा, कुणीतरी मागून येऊन बाहेर काढलं, एवढाच. भारत मान खाली घालून बसायचा. लोकांना तो त्याचा विनय वाटायचा. गोटीराम तर जेवणाला येतच नसे.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात निवृत्तीच्या मुलीला, अंजलीला, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. घरी दुपारी चार माणसांना जेवायला बोलावलं होतं. निवृत्तीने पुन्हा ती गोष्ट सांगितली आणि मुलीला म्हणाला, पुण्यात असे दोस्त जोड. अंजली उठली आणि भारतच्या पाया पडली. भारतला आशीर्वाद देता आला नाही. पुरणपोळी पानात टाकून तो घरी निघून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत गेला. निवृत्ती अंगणात पेपर वाचत होता. भारत उभ्यानेच बोलला.

"तू हात वर केला नव्हतास."

निवृत्तीने पेपर खाली केला. "म्हणजे?"

"मला तू दिसलाच नाहीस. चाकं दिसली. मी थांबलो नाही. पुढच्या फेरीलाही थांबलो नाही. दवाखान्यात खोटं बोललो."

निवृत्तीने पेपरची घडी घातली. डाव्या हाताचं कोपर उजव्या हाताने चोळत राहिला. दारात सुवर्णा येऊन उभी होती, ती आत निघून गेली. मग त्याने विचारलं, "अकरा वर्षं मी सांगतोय, आणि तू शेजारी बसून ऐकत होतास?"

भारत हो म्हणाला.

"गोटीराम कुठे असतो आता?"

त्या दिवशी हरसूलचा बाजार होता. भारतच्या गाडीतून दोघं गेले. जीपस्टँडवर गोटीराम टपावर पोती बांधत होता. केस पिकले होते. निवृत्तीने त्याला खाली बोलावलं आणि म्हणाला, "त्या दिवशी तू मला काढलंस. मी तुझं नाव कधी नीट घेतलं नाही. मला लाज वाटते." गोटीराम अवघडून गेला. त्याने चहा सांगितला. निवृत्तीने विचारलं, की गाडीत माझे हात कसे होते? गोटीरामने भारतकडे पाहिलं. भारतनेच त्याला सांग म्हटलं.

"दोन्ही हात अंगाखाली दाबलेले व्हते," गोटीराम म्हणाला. "तू तर बेसुद व्हतास."

मग बोलला का नाहीस, असं निवृत्तीने विचारलं.

"तुमी दोघं रोज एकमेकांचं त्वांड बघनार. मी मधी कशाला बोलू? मला वाटलं, हा सांगल कवातरी."

भारतला त्याच्याकडे पाहवेना. ज्या जीपला तो हसला होता, तिच्याच बॉनेटला टेकून तो उभा होता. परतताना निवृत्ती गोटीरामच्या जीपने आला. पुढची तीन-चार माणसं सरकून बसली तेव्हा त्याला जागा झाली.

नंतर दोन महिने काहीच नाही. भारतने फोन करायचं धाडस केलं नाही. दसऱ्याच्या आधी निवृत्तीचाच फोन आला. फुलांचा सीझन होता, टेम्पोची क्लचची वायर तुटली होती. भारत गेला, वायर बदलली. निवृत्तीने बॅटरीचा उजेड धरला. सुवर्णाने चहा बाहेर पाठवला, ती स्वतः आली नाही, आणि पुढे वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. हात पुसताना निवृत्ती म्हणाला, "अंजली दिवाळीला येतेय. तिला तू सांगायचं. मी सांगणार नाही."

दिवाळीत भारत गेला. अंजलीने खुर्ची दिली आणि भारतकाकांनी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. सांगताना भारतची नजर स्वतःच्या काळ्या नखांवर होती. तो थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, "शेवटच्या फेरीला तुम्हाला जीप दिसली होती?"

"दिसली होती."

"आणि बाबा आत आहेत हे माहीत होतं?"

"माहीत होतं," भारत म्हणाला.

ती त्याच्या समोरून उठली नाही. भारतही उठला नाही. निवृत्ती आतून येऊन शेजारच्या खुर्चीत बसला, आणि बराच वेळ तिघं तसेच बसून राहिले.