पंचाच्या कमरेचा पिवळा रुमाल

मी पंचाच्या कमरेला खोचलेला पिवळा रुमाल बोलतोय. खेळाडूनं नियम मोडला की पंच मला मैदानावर फेकतो. नेब्रास्कातल्या एका शेतघरात आर्डिसबाईंनी मला शिवलं आणि वाऱ्यानं भरकटू नये म्हणून माझ्या टोकाला मूठभर मक्याचे दाणे बांधले. "उठसूट फेकू नकोस हं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पोरंच आहेत ती."

त्यांच्या नवऱ्यानं, डेल्मर कुबिचेकनं, ते ऐकलं. दर शुक्रवारी संध्याकाळी तो शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात, चेंडू ठेवतात त्या रेषेच्या टोकाला पंच म्हणून उभा राही. चेंडू सुटताना हल्ला करणाऱ्या संघाचे निदान सात गडी रेषेवर हवेत, असा नियम. पण कडेचं पोर अर्धं पुढं, अर्धं मागं उभं राहिलं तर? नीट कळत नसेल तर डेल्मर संशयाचा फायदा पोराला देई. पोरंही त्याच्याकडे बघून हात वर करत: मी बरोबर उभा आहे ना? पोर मागं असेल, तर डेल्मर आपला हात सरळ मागं ताणून धरी. पोर एक पाऊल पुढं सरके. तरी नाहीच सुधारलं, तर तो प्रशिक्षकाच्या कानावर घाली. माझी पाळी सगळ्यात शेवटी. कितीतरी सामने मी नुसता कमरेला बसून काढले आणि त्यातच मला सुख होतं.

आर्डिसबाई सामन्याला येत, तिसऱ्या रांगेत बसत. एका हिवाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर डेल्मरच्या घरात आठवडा आठवडा कुणी बोलत नसे. तो मला स्वतःच्या हातानं धुई आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घाली.

पुढच्या शरदात शेजारगावाचा बाद फेरीचा सामना होता. शेवटचं मिनिट. कडेला त्या गावच्या संघाचा लेव्ही पोस्पिशिल नावाचा उंच पोरगा उभा होता. त्यानं हात वर केला. डेल्मर बघतच नव्हता. त्याची मान तिसऱ्या रांगेकडे वळली होती. चेंडू सुटला तेव्हा कुठं त्यानं पाहिलं. लेव्ही चांगला पाऊलभर मागं! रेषेवर सहाच. विचार न करताच त्यानं मला हवेत फेकलं.

त्याच डावात झालेला, विजयाचे गुण देणारा टचडाऊन रद्द झाला. लेव्हीचा संघ हरला.

"सर, मी विचारलं होतं तुम्हाला!" लेव्ही ओरडला.

त्याचा प्रशिक्षक गस वोंड्रा पोरावर तुटून पडला. "विचारलं म्हणे! डोळे फुटलेत का तुझे? साधं उभं राहता येत नाही!"  डेल्मर मला गवतावरून उचलून मैदानाबाहेर चालू लागला.

सकाळी तो त्या गावच्या कॅफेत गेला. मी कालच्याच कोटाच्या खिशात होतो. लेव्ही बापाबरोबर कोलाच, म्हणजे मधे मुरंबा भरलेला गोड पाव, खात होता, गस पलीकडच्या टेबलावर.

"चूक पोराची नव्हती," डेल्मर उभ्यानंच म्हणाला. "त्यानं विचारलं होतं. माझं लक्ष नव्हतं."

"मग लक्ष होतं कुठं तुझं?" गसनं विचारलं.

डेल्मरनं खिशात हात घालून मला मुठीत धरलं.

"आता बोलून काय उपयोग?" लेव्हीचा बाप म्हणाला आणि त्यानं कप उगाचच बशीत फिरवला. कुणी डेल्मरला बस म्हटलं नाही.

लेव्ही मात्र त्याच्या मागोमाग गाडीपाशी आला. "कशाला सांगितलंत, सर? कुणाला कळलंच नसतं."

"तुला कळलं होतं," डेल्मर म्हणाला.

 पोरग्यानं हात पुढं केला. डेल्मरनं तो दोन्ही हातांत धरला.

एवढंच. डेल्मरनं शिट्टी आणि पट्ट्यापट्ट्यांचा सदरा पंचांच्या संघटनेला परत केला. संघटनेनं माझ्याबद्दल विचारलं नाही. त्या कॅफेत तो पुन्हा गेला नाही. लेव्ही शिकायला लिंकन शहरात गेला.

आता मी पलंगाजवळच्या खणात असतो, आर्डिसबाईंच्या चष्म्याशेजारी. शुक्रवारी दूरवरून सामन्यातल्या बँडचा आवाज येतो. डेल्मर खण उघडतो, माझ्यावर तळवा ठेवतो. हल्ली तो खण पूर्ण बंद करत नाही, बोटभर फट ठेवतो; तिच्यातून मला बँड ऐकू येतो. या घरात कधी कुणी आलंच, तर कृपा करून ती बुजवू नका.