विटोमीरचे लाल डोळे

दारूच्या भट्टीवर आलुबुखाराचा लगदा उकळायला लागला आणि गावातल्याच ओब्रादनं विटोमीरच्या हातातलं ढवळणं हिसकावून घेतलं.

"आरशात तोंड बघ जा. डोळं इंगळावानी लाल. पिऊन भट्टीवर बसतोस व्हय?"

भोवतीच्या माणसांपैकी एकानंही ओब्रादला अडवलं नाही. याचा मला संताप आला, तो अजून आहे.

आमच्या सावा नदीकाठच्या गावात तांब्याची भट्टी एकच आणि तिच्यावरचा गावानं मानलेला कारागीर विटोमीर. किडन्या गेल्यापासून त्यानं दारू जिभेला लावली नव्हती. बाटली हलवायची, काचेच्या कडेला बुडबुड्यांचं कडं धरतं ते उन्हात बघायचं आणि दारूची ताकद सांगायची. सगळी कमाई डोळ्यांची. बाकी काय उरलं होतं त्याच्याकडं? दिवसाआड शहरात जाऊन मशीनला रक्त धुवायला द्यायचं. मला माहीत आहे, कारण दवाखान्यात त्याच्या शेजारची खाट माझी.

उन्हाळ्यापासून त्याच्या डोळ्यांत वाळू सलत होती. पण गावानं निकाल दिला: पितोय. स्पष्टच सांगतो, आमच्या अर्ध्या गावाच्या किडन्या सडल्यात, आमचे बापही त्यानंच मेले. पण पोरींची लग्नं मोडतील म्हणून त्या रोगाचं नाव कोणी काढत नाही. दारुडा म्हणायला मात्र कुणाची जीभ अडत नाही. त्याची बायको दरिंका, तिनंसुद्धा दारूच्या कोठीला कुलूप ठोकून किल्ली गळ्यात घातली. त्यानं शपथा घेतल्या, तर म्हणाली, "तुझ्या शपथा म्हंजी भिजलेल्या काड्या, म्हाताऱ्या. एक बी पेटत न्हाई."

भट्टी हातची गेली तसा तो खचला. मग मीच दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. मशीनवरच्या माणसाचे डोळे वरचेवर तपासायला हवेत, हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी दिव्यात निरखून पाहिलं. म्हणाल्या, आतला पडदा शाबूत आहे, पण बुबुळाच्या कडेला चुन्याचे खडे बसलेत, ते टोचतात म्हणून लाली. रक्तात फॉस्फरस वाढला की असं होतं. किडनी तो टाकत नाही, मशीनलाही सगळा काढता येत नाही. मग विचारलं, "चीज, साय किती खातात?"

"शिवत बी न्हाई," दरिंका म्हणाली. "उकडलेला बटाटा देते मी त्याला."

विटोमीर छताकडं बघायला लागला.

दरिंकाची मुरवलेली साय अख्ख्या बाजारात नावाजलेली. सायीच्या कोठीतल्या लाकडी पिंपातली ती साय उन्हाळाभर कमी होत होती आणि त्यापायी मांजर झाडूचा मार खात होतं.

"तू?" ती म्हणाली. "अरं, त्या मुक्या जनावराला मी घराबाहेर काढलं."

"लई चांगली करतीस गं," तो पुटपुटला. "मला ऱ्हावलं न्हाई."

बाई हसता हसता खुर्चीत टेकल्या. डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि फॉस्फरस अडवणाऱ्या, जेवणाबरोबरच्या ज्या गोळ्या हा खिशात वागवत होता, त्या गिळायला लावल्या.

परतल्यावर दरिंका घरी गेलीच नाही, तडक भट्टीवर. कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा नवरा दारुडा न्हाई, साय-चोर हाय. आन् त्याच्या किडन्या गेल्यात. तुमच्या घरात बी गेल्यात, ओब्राद. तुझी आई कशानं गेली ते सांगू का तूच सांगतोस?"

ओब्रादनं जाळातलं लाकूड आत सारलं. मग त्यानं ढवळणं विटोमीरच्या हातात दिलं आणि खालच्या आवाजात मला विचारलं, तुमची शहराच्या दवाखान्याची गाडी कुठं थांबते.

डोळे अजून लालच होते, पण विटोमीरनं बाटली उन्हात धरली, कडं पाहिलं आणि ताकद पुरेशी हाय म्हणाला. कुणी वाद घातला नाही.

घरी दरिंकानं दारूच्या कोठीचं कुलूप काढलं आणि सायीच्या कोठीला लावलं. मांजराला परत घरात घेऊन बशीभर दूध ठेवलं. त्यानं ते प्यायलं, पण तिच्याकडं पाठ करून.