वर छत नको

दुपारचे तीन वाजले होते, पण उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरच्या त्या वस्तीत नोव्हेंबरपासून सूर्य उगवलाच नव्हता. कोळशाच्या खाणीतले सकाळच्या पाळीचे कामगार टोपीवरचे दिवे परत करून जेवायला गेले. दिवे सांभाळणाऱ्या तमिलाने खुंट्या पाहिल्या. हॉर्दीकाकाची खुंटी रिकामी होती.

तिने मुकादम रुस्लानला गाठलं. "काका वर आले का?"

"आले की, माझ्याबरोबरच. बसला असेल म्हातारा बाटली शोधत."

"दिवा दिला नाही त्यांनी."

रुस्लानचं हसू मावळलं. सकाळीच धक्क्यापाशी अस्वलाची पावलं दिसली होती. त्याने बंदूक उचलली.

शेवटच्या घरापलीकडे, गोठलेल्या खाडीच्या काठावर उजेडाचा एक ठिपका दिसला. हलत नव्हता. त्याच्या डावीकडे अंधारात काहीतरी फुरफुरलं. रुस्लानने बंदूक रोखली, पण नेम कशावर धरणार? तमिला पुढे सरकली. ओरडावं तर ते जनावर आपल्याच अंगावर यायचं.

ती ओरडली. "काका! डावीकडे दिवा वळवा! वळवा म्हणते ना!"

उजेड वळला. वीस पावलांवर अस्वल, मान खाली घातलेलं. रुस्लानने हवेत दोन बार काढले. अस्वल थबकलं, मग सावकाश बर्फावरून निघून गेलं.

हॉर्दीकाका दगडावर बसला होता. तिकडे युक्रेनमध्ये, लुहान्स्कला, तमिलाच्याच गल्लीत राहणारा माणूस. ती त्याच्यावर तुटून पडली. "मरायचंय का तुम्हाला?"

"नाही गं पोरी. उत्तरेच्या बोगद्यात छत आठवडाभर कडकडतंय. आता खोलीत पडलो तरी तेच ऐकू येतं. इथं वर काही नाही."

रुस्लान खाली बघत राहिला. "मीही ऐकलंय," तो हळूच म्हणाला. "वरच्या साहेबांना सांगायची छाती झाली नाही."

तमिला रुस्लानकडे वळली. तिचा नवरा मिरॉन अर्ध्या तासापूर्वी दुपारच्या पाळीबरोबर त्याच बोगद्यात उतरला होता.

"काढ त्यांना बाहेर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

रुस्लान क्षणभर घुटमळला. मग त्याने वायरलेस तोंडाशी धरला.

ती तिघं खाणीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा एकोणीस जण वर आले. मिरॉन सर्वांत शेवटी, शिव्या देत. "कुणाचं हे खूळ? काय झालंय आत? काही नाही!"

 त्याची कोळशाने माखलेली बाही तमिलाने घट्ट धरून ठेवली. तेवढ्यात खाली, डोंगराच्या पोटात, काहीतरी लांबवर धडधडत कोसळलं. मिरॉनच्या तोंडातली शिवी तिथेच थांबली.