बारा दिवसांचा फरक

"बारा दिवस हो, फक्त बारा!" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शोरूमच्या काउंटरवर किल्ली आपटली. "माझ्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नाही, आणि तुम्ही किंमत उतरवून मोकळे?"

त्यांच्यामागे तीसेक माणसं उभी होती. सगळ्यांनी गेल्या महिन्याभरात एकाच कंपनीची विजेवरची गाडी घेतली होती आणि सगळ्यांचा आवाज चढला होता. एक गृहस्थ मात्र हात मागे बांधून भिंतीवरचा नवा दरफलक वाचत होते. त्यांनीही डॉक्टरीणबाईंच्याच दिवशी गाडी घेतली होती.

हे काटासाहेब. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. नाव दुकानदारांनी ठेवलेलं. काटा तराजूचा की पायातला, ते ज्यानं त्यानं ठरवावं. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि बारा दिवसांपूर्वी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. आज सकाळी तीच गाडी त्यांच्या सात महिन्यांच्या पेन्शनइतक्या पैशांनी स्वस्त झाली होती.

"जाऊन चार शब्द सुनावा तरी," असं बायकोनं बजावून पाठवलं होतं. ते सुनावायलाच आले होते. पण फलक वाचता वाचता राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना नवलच वाटू लागलं. किलो बरोबर किलोच भरतो का, एवढं त्यांनी जन्मभर तपासलं. त्या किलोचा दर कुठून येतो, हे बघणं त्यांच्या खात्यात बसत नव्हतं.

"आम्हालाही सकाळी मोबाईलवरच कळलं, साहेब," सेल्समन हळूच म्हणाला. गर्दीतून सुटायला त्याला निमित्तच हवं होतं. तो त्यांना मागच्या दारानं आवारात घेऊन गेला. तिथे गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. काचेवर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ बसली होती.

"ह्या विकल्याच जात नव्हत्या. सरकारनं करसवलतीची रेघ मारली ना! एका ठरावीक किमतीच्या आतली विजेची गाडी घेतली, तर आयकरात घसघशीत सूट. आपली गाडी त्या रेघेच्या जराशी वर. गिऱ्हाईक यायचं, आत बसायचं, एसी लावून बघायचं आणि समोरच्या कंपनीची गाडी घ्यायचं. शेवटी आपल्या लोकांनी किंमत रेघेखाली आणली."

"म्हणजे आजच्या गिऱ्हाइकाला किंमत कमी, वर करातही सूट?"

"हो."

"आणि मला दोन्ही नाही."

सेल्समन एका काचेवरची धूळ पुसू लागला.

"अरे, मी भांडत नाहीये. मला एवढंच सांग, गाडी तीच, चाकं चारच. मग कमी झालेला पैसा गेला कोणाच्या खिशातून?"

"माझं कमिशन निम्म्यावर आलं, एवढं मला माहीत. बाकीचं तुमच्या मेहुण्यांनाच विचारा की. ते कंपनीला माल देतात, असं गाडी घेताना तुम्हीच म्हणाला होतात."

आत परतताना दाराशी एक नर्स गणवेशातच बसलेली दिसली. घरोघरी जाऊन रोगी बघणारी होती. तिच्या हातात बुकिंगचा फॉर्म होता आणि तो ती पर्सखाली लपवू पाहत होती.

"नवी घेताय?" काटासाहेबांनी विचारलं.

"हो काका. दीड वर्ष थांबले होते. आज परवडतेय." मग गर्दीकडे बघून तिनं आवाज बारीक केला. "इथं आनंद झाला म्हणायची सोय नाही."

"व्हायलाच पाहिजे. मागची काच जरा लहान आहे, पण सवय होते," ते म्हणाले. तिनं लगेच वळून दोन प्रश्न विचारले, आणि त्यांनी गाडी स्वतःच बनवल्यासारखी उत्तरं दिली.

बाहेर डॉक्टरीणबाईंनी त्यांना गाठलं. फरकाची रक्कम परत मागणारा अर्ज तयार होता. "पहिली सही तुमची हवी. निरीक्षकाची सही म्हटलं की वजन पडतं."

"करतो की. पण दोन दिवस द्या. मागण्याआधी तो पैसा कुठे आहे ते बघून येतो."

मेहुण्याचा कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांबच लांब शेड. तिथे गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधत. शंभरेक वायरी एकत्र करायच्या, प्रत्येकीच्या टोकाला पितळी टोपण दाबून बसवायचं, आणि तो सगळा गुंता गाडीच्या अंगाखांद्यावर बसेल असा आकारात आणायचा. काटासाहेबांनी हीच गाडी घेतली होती ती निम्मी मेहुण्याखातर.

"भाऊजी, पैसा इथे आहे," मेहुण्यानं टेबलावरचं पत्र पुढे सरकवलं. पत्र चार ओळींचं होतं. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक जुडग्याच्या दरात नऊ टक्के कपात. मान्य नसेल तर कळवावे. "कळवावे म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंय ना? दुसरा शोधतील."

"मग तू नऊ टक्के आणलेस कुठून?"

"तांब्याचा दर माझ्या हातात नाही. बांधणाऱ्यांची मजुरी कापली तर उद्या शेड रिकामं. कात्री लावायला एकच टेबल राहिलं." त्यानं शेडच्या टोकाकडे बोट दाखवलं. "हातानं तपासणी बंद. दिव्यांच्या फळीवर लावून बघायचं, सगळे दिवे लागले की माल पॅक. तिथल्या थांबाबाई या महिनाअखेर जातायत."

काटासाहेबांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मेहुणाच पुढे म्हणाला, "तुम्ही तो फरक परत मागताय म्हणे. मागा, तुमचा हक्कच आहे. कंपनीनं दिला तर मला आणखी दोन टक्क्यांचं पत्र येईल, एवढंच."

शेडच्या टोकाला, खिडकीखाली, एक साठीकडे झुकलेली बाई मान खाली घालून काम करत होती. काही खोट दिसली की ती "थांबा" म्हणे आणि अख्खं शेड थांबे. नाव त्यावरूनच पडलं होतं.

"बसू का?" काटासाहेबांनी विचारलं.

"बसा. उजेड तेवढा अडवू नका."

ते बसले. तिचा हात एकेका वायरीवरून जाई, टोपण चिमटीत धरी आणि हलकेच मागे ओढी. ओढलं न ओढलं इतकंच.

"दिवे लागतात की फळीवर. मग हे कशाला?"

"दिवा लागला म्हणजे वायर जोडलीय. घट्ट जोडलीय का, ते दिव्याला काय कळणार? आज लागतो. दोन वर्षं खड्डे खाल्ले की मग निसटते." तिनं दोन वायरी त्यांच्या हातात दिल्या. "ओढा. यातली एक खोटी आहे."

त्यांनी ओढलं. दोन्ही सारख्याच वाटल्या. बाई हसली. पुन्हा ओढायला लावलं. पाचव्या खेपेला डाव्या हातातल्या वायरीनं केसभर जागा सोडल्याचं त्यांच्या बोटांना कळलं, आणि ते एखाद्या शाळकरी पोरासारखे "ही!" म्हणून ओरडले. शेडमधल्या चारदोन माना वळल्या.

"चौतीस वर्षं मी वजनं तपासली," ते म्हणाले, "पण काट्याशिवाय कधी काही सांगता आलं नाही."

"मला एकोणीस लागली." ती पुढच्या वायरीकडे वळलीसुद्धा. "तुमची गाडी कधीची?"

त्यांनी सांगितलं.

"मग माझ्या हाताखालूनच गेलीय."

"म्हणजे माझे जास्तीचे पैसे इथे कामी आले म्हणायचे."

"असं काही मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाली. "तुम्ही जास्त मोजलेत म्हणून मला काही जास्त मिळालं नव्हतं."

त्या दिवशी त्यांनी तिला तासभर प्रश्न विचारले. घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण आपल्या पैशांचं काय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी अर्जावर सही केली. पहिली नव्हे, चौदावी. बाकीच्यांचं नुकसान खरंच होतं, आणि मेहुण्याला वाचवायला त्या सगळ्यांना अडवणं काही काटासाहेबांना पटेना. मग त्यांनी खिशातून आणखी एक कागद काढला. त्यात कंपनीला लिहिलं होतं की माझा फरक मला देऊ नका. त्याऐवजी वायरींची हातानं होणारी तपासणी चालू ठेवा आणि तिचा खर्च तुम्ही उचला.

डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "काका, याच्यावर दुसरं कोणी सही करणार नाही."

"नका करू. एका सहीचंही पत्र पोचतं."

दोन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना वर्षभर चार्जिंग फुकट. डॉक्टरीणबाईंनी कुरकुरत का होईना, मान्य केलं. काटासाहेबांना आणखी एक छापील पाकीट आलं: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. खाली सही नव्हती. मेहुण्याकडे मात्र दोन टक्क्यांचं नवं पत्र आलं नाही. त्यानं फोन करून तेवढं सांगितलं.

महिनाअखेरच्या संध्याकाळी काटासाहेब कारखान्यात गेले. का, ते बायकोनंही विचारलं नाही. भोंगा झाला. माणसं हात धुऊन, डबे उचलून निघाली. जाता जाता काहीजण खिडकीपाशी थांबत, दोन शब्द बोलत. थांबाबाईंपुढे अर्धा ट्रे शिल्लक होता.

"बाई, राहू द्या आता," मेहुणा म्हणाला. "उद्यापासून नाहीतरी..."

"एवढा होऊ दे."

मेहुणा तिथेच उभा राहिला. काटासाहेब बाजूच्या खोक्यावर बसले. बाईंनी घाई केली नाही. मध्ये एकदा हात थांबला. एक वायर बाजूला काढून त्यांनी तिला लाल चिकटपट्टी लावली आणि मेहुण्याच्या हातात दिली. बाकी सगळ्या चांगल्या निघाल्या.

मग बाईंनी टेबल फडक्यानं पुसलं, फडकं झटकून त्याची घडी केली, पायांत चपला सरकवल्या. त्या जागेवर उद्या कोणी बसणार नव्हतं. तरी जाताना त्यांनी स्टूल उचलून, आवाज न करता, टेबलाखाली नीट आत ठेवलं.